चेतकवरची काजळी

मच्छिंद्रच्या हाताला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. बावीस वर्षं त्याने आकुर्डीकडच्या कारखान्यात स्कूटर रंगवल्या. रंगवलेल्या पत्र्यात छतावरची ट्यूबलाइट सरळ रेघ दिसली तर माल पास, रेघ जरा वाकडी दिसली की परत. मच्छिंद्रचा माल कधी परत आला नाही. मग रंग मारणारा रोबो आला आणि मच्छिंद्रला व्हीआरएस घेऊन कर्वेनगरात घरी बसावं लागलं. "त्या लोखंडाला रंगातलं काय कळतंय?" असं तो दोन वर्षं म्हणत होता आणि त्याची बायको सोजरबाई दोन वर्षं ऐकत होती. धन्य ती बाई!

खालच्या मजल्यावर दत्तप्रसाद राहत. हवाई दलातले निवृत्त मेकॅनिक, सारी नोकरी चेतक हेलिकॉप्टरच्या देखभालीत गेलेली. "माझी सही झाल्याशिवाय पायलट आत पाय ठेवत नसे," हे वाक्य सगळ्या सोसायटीला पाठ होतं. आता मात्र हात कापायचे. सही जुळत नाही, असं बँकेत ऐकून आले त्या दिवसापासून त्यांनी पेन धरलं नव्हतं. आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीत अमेरिकेला गेलेल्या श्रद्धाने, त्यांच्या लेकीने, नेमका चेतकचा किट धाडला! वीतभर हेलिकॉप्टर, नखाएवढे शंभरेक तुकडे. हातांचं तिला कुणी कळवलंच नव्हतं.

दत्तप्रसाद खोका घेऊन वर आले. "मच्छिंद्रराव, आपण जोडाल का?"

"जोडतो की! त्यात काय हाय?"

वरवर असं म्हणाला, पण आतून उकळ्या फुटत होत्या. खरी हेलिकॉप्टरं पास करणारा माणूस आपला हात तपासणार, याहून मोठा साहेब कुठला?

तीन आठवडे तो गॅलरीत बसला. चिमट्याने तुकडे जोडले, सांधे घासले, लष्करी हिरव्याचे चार हात दिले आणि वर असं पॉलिश मारलं, की त्या करंगळीएवढ्या दारात ट्यूबलाइट सरळ रेघ दिसली. खुशीत खाली घेऊन गेला.

दत्तप्रसादांनी चष्मा लावला. "वा! वरातीला नेणार का?"

"म्हंजे?"

"अहो, लढाईतलं यंत्र हे. इतकं चकाकलं तर शत्रूला हाका मारायचीही गरज नाही. हे कधी उडालेलंच नाही."

मच्छिंद्रचं तोंड एवढंसं झालं. चार दिवस तो खाली फिरकला नाही. "रोबोनं तरी आसं तोंड चालवलं नसतं," म्हणून चरफडत राहिला. पाचव्या दिवशी सोजरबाईच म्हणाली, "तुमी स्कूटर रंगिवली. हेलिकॉप्टर त्यास्नी ठावं. इचारा की!"

विचारलं. मग काय, दत्तप्रसाद रोज वर येऊन बसू लागले. कापत्या बोटाने दाखवत, "धूर इथून निघतो, काजळी मागे शेपटीवर धरते. इथे बुटांनी रंग उडतो. आणि पाती अशी ताठ नसतात हो, उभं असताना खाली झुकतात." मच्छिंद्रने बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि आपल्याच हातची चकाकी घासून काढली. जीव तुटत होता, पण घासली. पाती कोमट पाण्यात धरून वाकवली. देवाच्या दिव्याची काजळी बोटाने शेपटीवर चोळली.

दत्तप्रसादांनी चष्मा लावून शेपटीपासून पात्यांपर्यंत सगळं तपासलं. "हे उडतं," म्हणाले.

मच्छिंद्रने खोक्याचं झाकण आणि पेन पुढे केलं. "सही करा."

"माझी सही आता जुळत नाही, मच्छिंद्रराव."

"हितं कुणाशी जुळवायचीय? तुमच्या सहीबिगर आमचं हेलिकॉप्टर जागचं हालणार न्हाय."

दत्तप्रसादांनी पेन घेतलं. नाव लिहायला पुरती दोन मिनिटं लागली. अक्षर सगळं वेडंवाकडं, शेवटची रेघ तर पार झाकणाच्या कडेपर्यंत गेली. मच्छिंद्रने झाकण उचललं, ट्यूबलाइटखाली धरलं, बावीस वर्षांच्या सवयीने एक डोळा मिटून ती रेघ टोकापर्यंत नीट तपासली.

"पास," तो म्हणाला.