घोंगडीखालची कणगी

आप्पा गेल्याचा निरोप घेऊन उमरग्याहून माणूस आला त्याला आता महिना होत आला. त्यानं दार वाजवलं तेव्हा नेहमीसारखंच मी कडी काढण्याआधी फटीतून बघितलं. निजामी अंमल संपून इतकी वर्षं झाली, तरी दारावर थाप पडली की मला घाम फुटतो. मी मुळातच भित्रा. त्या काळात जे काही धैर्य माझ्यात दिसलं, ते आप्पांकडून उसनं आणलेलं होतं... आता ते कुणाकडं मागायचं?

आप्पांचं आडत दुकान होतं. खेड्यापाड्यांतल्या गरीब मुलांसाठी त्यांनी बोर्डिंग काढलं आणि मला मास्तर म्हणून ठेवलं. मुलं जेवायची ती लोकांनी दिलेल्या जोंधळ्यावर. बाजारच्या दिवशी बोर्डिंगच्या ओट्यावर कणगी मांडायची, कुणी धान्य ओतलं की आप्पा खड्या आवाजात त्याचं नाव पुकारायचे आणि दुपारी त्याला मुलांच्याच पंगतीत भाकरी खायला बसवायचे. आपला जोंधळा कुठं जातो हे माणूस स्वतः बघून जायचा, चार लोकांत नाव व्हायचं, म्हणून पुन्हा यायचा. मलाही ते पुकारणं ऐकायला फार आवडायचं.

मग लेव्ही आली. सरकार घराघरातून धान्य उचलू लागलं आणि लोक ते पेवात दडवू लागले. एका बाजारी आप्पांनी सवयीनं एका शेतकऱ्याचं नाव पुकारलं. द्यायला आहे म्हणजे दडवलेलंही असणार, असं म्हणत त्याच आठवड्यात शिपायांनी त्याचं पेव उकरलं आणि त्याला बांधून नेलं. त्यानंतर आमच्या ओट्याकडं कुणी फिरकेना. मुलं कण्यांवर आली. "मास्तर, म्या माझ्या तोंडानं त्याला धरून दिला," आप्पा म्हणाले आणि ताटावरून उठले.

पुढच्या बाजारी त्यांनी कणगीवर घोंगडी टाकली. घालायचं त्यानं खालून घालावं, नाव नाही, माप नाही. ज्यांच्याकडं काही नाही त्यांनाही ते म्हणायचे, "रिकामा हात घालून जावा, म्हंजी देणारा वळखू येत न्हाय." आम्ही दोघं मात्र कणगीकडं पाठ करून उभे. "न बघितलेलं मारूनबी सांगता येत न्हाय, मास्तर."

कणगी पुन्हा भरू लागली, आणि लेव्हीचा अंमलदार आला तो भर बाजारात. "ये अनाज किसने दिया?"

"आमी पाठ करून हुबं असतो, साहेब."

थोबाडीत बसली, आप्पांचा पटका धुळीत पडला. मग तो माझ्याकडं वळला. एखादं जरी नाव ठाऊक असतं तरी मी ओकलो असतो, पण ठाऊकच नव्हतं. त्यांनी आप्पांना नेलं. जाताना ते कानडीत एवढंच म्हणाले, "अंजबेड्री, मास्तर." भिऊ नका.

पुढच्या बाजारी मी एकटाच उभा राहिलो. कुणी आलं नाही तर मुलांना घरी धाडावं लागणार, आणि आलं तर कोठडीत माझा नंबर. कशाची भीती जास्त होती, सांगता येत नाही. बराच वेळ मागं काहीच नाही... मग जोंधळा पडल्याचा आवाज आला. मग पुन्हा. संध्याकाळी घोंगडी काढली तर कणगी काठोकाठ भरलेली होती. काही दिवसांनी आप्पा लंगडत परतले. ती भरलेली कणगी पाहून त्यांनी डोळ्यांना पटका लावला.

आप्पांना माती दिल्यावर मी बोर्डिंगवर गेलो. बाजारचा दिवस होता. ओट्यावर अजूनही कणगी, वर तशीच घोंगडी. कुणी न सांगता मी पाठ करून उभा राहिलो. मागं जोंधळा पडत होता. शेजारी आप्पा नव्हते, आणि मला फार भीती वाटत होती.