तीस हजार एकतीस

आमचे हे कारखान्यात दातेरी चाकं कापायचे. चाकाला दाते किती, त्यावर त्यांचा दिवस बरा जाणार की वाईट ते ठरायचं. ज्या आकड्याला दोनानं, तिनानं, पाचानं भाग जातो तो गुणी. ज्याला कशानंच जात नाही तो हाडवैरी. तीच खोड घरी. बसचा नंबर असो की विजेचा मीटर, आकडा दिसला की फोडलाच.

फक्त स्वतःच्या बिल्ल्याचा नंबर त्यांना फुटला नाही. ३००३१. "बघ," म्हणायचे, "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, कशानंही भाग, बाकी एकच. हा कुणाला बधायचा नाही. तुझ्यासारखाच." तेराच्या पुढे कधी गेलेच नाहीत. एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाहीत. आणि माझ्या शब्दावर तर काडीचा विश्वास नाही. दाराला कडी लावलीय म्हटलं तरी उठून ओढून बघायचे.

हिवाळ्यात त्यांचं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. नजर सारखी छताला. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना आता काही कळत नाही. अशानं तूच मरशील. सोमवारी त्यांना संस्थेत ठेवू." मी नको म्हटलं नाही. खोटं कशाला बोलू, माझी कंबर मोडली होती आणि भिंतीला भरवून जीव विटला होता.

डॉक्टर म्हणत, त्यांच्याशी बोलत राहा. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवं काय बोलणार, कपाळ? रविवारी भरवता भरवता तो बिल्लाच काढला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तेराच्या पुढून भाग लावत गेले, मोठ्यानं. सतरा, नाही. एकोणीस, नाही. तेवीस, नाही. एक घास, एक भागाकार. वाटी संपली, त्यांचं तोंड पुसलं, पुन्हा कागद घेतला आणि एकोणसाठला बाकी शून्य आली.

"अहो, फुटला तुमचा बिल्ला," मी म्हटलं. "एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ."

नजर छतालाच. मी वाटी घेऊन उठले, तोच चादर खसखसली. त्यांच्या डाव्या हाताचं बोट हलत होतं. चादरीवर वाकडातिकडा एक काढला. थांबलं. एकाच्या डावीकडे आठ. मग पाच. मग चार.

मला आधी उमजेना. मग मीही मनात मांडून बघितलं. नऊ नव्वे एक्क्याऐंशी, एक मांडला, हातचे आठ. एकोणसाठातल्या नवानं पाचशे नऊला गुणून झालं होतं, आता खालच्या ओळीत पाचानं चाललं होतं. माझा गुणाकार तपासत होते.

तिथंच बसले आणि रडले. रागानं की आनंदानं, देव जाणे. पाठ तर तशीच ठणकत होती, आणि आता ती ठणकतच राहणार हेही कळत होतं. मुलाला फोन लावला.

"सोमवारचं राहू दे."

"का गं? काय झालं?"

"तुझ्या बाबांचा अजून माझ्यावर विश्वास नाही."