तुरीचा भाव दाखवणारं यंत्र

पुढे कधीतरी मोबाईलवरून विहिरीवरची मोटार चालू करायची पेटी बाजारात आली. लोक तिचं कौतुक करत माझ्या टेलिफोन बूथवर येऊन मलाच सांगायचे. मी ऐकून घ्यायचो. टेलिफोनच्या तारेवरून मोटार चालू करायचा बेत मी गावात मोबाईल नव्हता तेव्हाच आखला होता. निरोप साठवून ठेवणारं यंत्र करायचं, माजलगावच्या दवाखान्यात आज डॉक्टर बसलेत का ते घरबसल्या कळवायचं, असे आणखीही बेत होते. त्यातला एकच तडीला जायच्या जवळ आला आणि तो माझ्या चुलतभावानं मोडला.

मी दिंद्रुडला एसटीडी बूथ चालवत होतो. बूथच्या मागच्या अर्ध्या खोलीत रेडिओ-टेप दुरुस्ती आणि सुटं सामान. शिकवायला कोणी नव्हतं. बिघडलेलं उघडायचं आणि बघायचं, हीच शाळा. औरंगाबादेत एका ऑफिसनं काढून टाकलेला कम्प्युटर मी दिवसभर घासाघीस करून घेतला, आणि विकणारा वैतागला तेव्हा त्यातच दोन मोडेमही टाकून घेतले. मोडेम म्हणजे कम्प्युटरला टेलिफोनवर बोलायला लावणारी डबी.

बेत साधा होता. दादाची म्हणजे चुलतभावाची माजलगावला भुसार मालाची आडत होती, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य दलालीवर विकून द्यायचं दुकान. तिथं एक कम्प्युटर कायम चालू ठेवायचा, वीज गेली तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. त्याला स्वतंत्र टेलिफोन. त्यात तुरीचा, मुगाचा भाव भरायचा. मग असाच आणखी एक जुना कम्प्युटर बूथवर आणून दिंद्रुडहून मी, उद्या चकलांब्याहून दुसरा कोणी, नंबर फिरवला की भाव पडद्यावर. पोती टेम्पोत चढवण्याआधीच माणसाला कळेल की आज जायचं की थांबायचं. दादाकडे टेलिफोनच्या दोन लाईनी होत्या. त्यातली एक मला हवी होती. ती मिळाली नाही तर माझ्याकडे नुसतं खोकं उरणार होतं.

गोधडीत गुंडाळून कम्प्युटर आडतीवर नेला. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला टायपिंगच्या क्लासमध्ये एक कम्प्युटर होता, त्याला दुसरा मोडेम लावून ठेवला होता. नंबर फिरवला. डबी किंचाळली, थोडा वेळ खरखरली, आणि क्लासवाल्यानं तिकडे लिहिलेली ओळ इकडे पडद्यावर उमटली. हमाल पोती टाकून बघायला आले. दादाही गादीवरून उठला. तो सहसा उठत नसे.

मी म्हणालो, आता तुरीचा आजचा भाव सांग, मी भरतो.

आमच्याकडे तेव्हा आडतीवर भाव तोंडानं ठरत नसे. दोघं रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून आकडा सांगत. बघणाऱ्याला नुसता रुमाल हललेला दिसे. एकाच्या तुरीला एक भाव, शेजारच्या ढिगाला दुसरा. मी त्यातच वाढलो होतो. पण हे सगळं तारेवर घालता येईल, असं मी धरून चाललो होतो.

दादानं विचारलं, "ह्यो भाव किती जनांना दिसंल?"

"फोन लावील त्याला."

"मंग आधी तुज्या दुकानातलं टाक. सामान कितीला आनतो, कितीला इकतो. ते समद्या गावाला दिसू दे. मग मी तुरीचं सांगतो."

माझा हात कीबोर्डवर होता. तो तिथंच राहिला.

"कावून बे, बोट चालंना का?"

हमाल हसले. मी म्हणालो, माझ्या दुकानाचा इथं काय संबंध? तो म्हणाला, संबंध नसेल तर खोकं उचल, लाईन मिळणार नाही. मग मी त्याच्याच गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालो की तू लोकांच्या आंधळेपणावर जगतोस. त्यानं एवढंच विचारलं, "आन् तू?" मी वायर इतक्या जोरात ओढली की पिन भिंतीतच राहिली.

त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही. माझं दुकान माझं खाजगी होतं, आडत म्हणजे सगळ्यांचा बाजार. दोन्हींना एक माप लावणं हा वकिली कावा होता, आणि तो त्यानं चारचौघांत केला. एकांतात नाही म्हटलं असतं तर मी समजावलं असतं, दुसरी काही तोड काढली असती. कम्प्युटर पुढे क्लासवाल्यानंच घेतला. मोडेम मी दिले नाहीत.

पुढच्या हंगामात मी आमच्या शेतातली तूर दादाकडे घातली नाही. परळीला नेली. भाडं जास्त पडलं. तिथल्या आडत्यानं रुमाल पुढे केला, मी हात घातला, बराच वेळ आमची बोटं चालली. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय भाव लागला? मी म्हणालो, बरा लागला.