गुरुवारी सुकन्या कुठं जाते

तिसगावात सुकन्याच्या आजारावर कुणाचा विश्वास नव्हता. सकाळी ती भिंत धरून मोरीपर्यंत जायची, आणि दुपारी मागं दोन जादा चाकं लावलेली स्कूटर घेऊन बाजारपेठेतून भरधाव निघायची. आजारी बाई अशी हिंडते व्हय, असं बाया एकमेकींना विचारायच्या.

आजार नसांचा होता. पायाच्या बोटांपासून सुरू होतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वर चढतो. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जीव जाणार नाही, पण आधी पाय जातील, मग हात. तिच्या वडिलांना, भिमाजींनाही तो असणार. नेवाशाकडच्या त्यांच्या गावात मात्र ते दारुडे म्हणूनच ओळखले गेले, कारण ते झोकांड्या खात चालायचे. त्या माणसानं कधी थेंबाला हात लावला नव्हता.

मुलगी निकिता झाल्यावर सुकन्या अडखळायला लागली, तेव्हा सासू रंगुबाईला पहिला संशय आला की माहेरच्यांनी दुखणं लपवून पोरगी गळ्यात मारली. आम्हाला ठाऊकच नव्हतं, हे सुकन्या सांगत राहिली. नवरा अमृत काही बोलला नाही. तो नुसता ऐकायचा, आणि त्याचं ते गप्प राहणं तिला सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

मग तिनं ठरवलं, पाय आहेत तोवर हिंडून घ्यायचं. पोटऱ्यांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधून ती कळसूबाई चढली. लोखंडी शिड्यांवर तिनं सगळा भार हातांवर घेतला. माथ्यावरचा फोटो गावभर फिरला आणि कुणीतरी निनावी तक्रार केली की हिचा अपंगत्वाचा दाखला खोटा आहे. फेरतपासणीत डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, पाय हलला नाही. दाखला राहिला. पण तक्रार कुणी केली असेल, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना. गल्लीतल्या प्रत्येक हसऱ्या तोंडाकडे ती निरखून बघायची. घरातल्यासुद्धा.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीनंतर ती दर गुरुवारी नगरला व्यायामाच्या उपचारासाठी जायला लागली. निदान घरी तसं सांगून. संध्याकाळी परतली की केस ओलसर असायचे, पिशवीत पिळलेले कपडे असायचे आणि त्यांना गाळाचा वास यायचा. विचारलं तर तिकडं अंघोळीची सोय आहे म्हणायची. अमृतनं दोन-तीनदा ऐकून घेतलं. त्यानंतरच्या गुरुवारी तो अंतर ठेवून मोटरसायकलवर तिच्या मागं निघाला.

फाट्यावर ती नगरकडं वळलीच नाही. शेवगावच्या रस्त्यानं जायकवाडी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यापर्यंत, जिथं तिचं माहेर आहे त्या काठापर्यंत गेली. अमृत वेड्या बाभळींच्या आड उभा राहिला. एका पुरुषानं सुकन्याला स्कूटरवरून उचललं आणि होडीत ठेवलं. तिनं हसत त्याला काहीतरी सांगितलं. अमृत बाभळींतून दोन पावलं पुढं सरकला. होडी बरीच आत गेली. मग सुकन्या होडीच्या काठावर बसली आणि पाण्यात पडली.

अमृत धावला. कोरड्या मुलखातला माणूस, त्याला पोहता येत नव्हतं. छातीभर पाण्यात जाऊन तो ओरडत राहिला. तेवढ्यात होडीतून हाक आली, "जावईबापू, पुढं येऊ नका, गाळ हाय!" तो वाल्मिकतात्या होता, तिच्या वडिलांचा जुना भोई दोस्त.

सुकन्या पोहत त्याच्याजवळ आली. पाणी मागं लोटायला तळहातांना रबराच्या पट्ट्या बांधलेल्या होत्या.

"नगरला जाते म्हणाली होतीस," अमृत म्हणाला.

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं तुमी?"

मग तिनं पाण्यातून हात वर काढले. "बोटं निकामी व्हत चाललीत. ब्लाऊजची हुकं निकी लावून देते. खांदे अजून शाबूत हायेत. ते हायेत तोवर मला पोहून पल्याड जायचंय."

"हे तरी सांगायचं."

"तुमी निकीची चाल बघितली न्हाई का?" ती हळू म्हणाली. "माझे हात बघून तुमाला तिचीच काळजी लागली असती. म्हणून लपवलं."

अमृतनं ती चाल वर्षापूर्वीच पाहिली होती. खो-खो सोडल्यापासून पोरगी उजवा पाय जरा उचलून टाकायची. सुकन्याला कळू नये म्हणून तो गप्प होता. एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

जानेवारीत दिवस ठरला. रंगुबाईला कळलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं की हा भोई मधे हात देणार आणि हीच पोहली म्हणून सांगणार. तिला घरी राहा म्हटलं तर ती आणखी चिडली. शेवटी जीवरक्षक जाकीट घालून ती होडीच्या टोकाला बसली आणि सुनेवर नजर रोखली. अमृत आणि निकिता मागं होते.

निम्म्या वाटेवर वारा सुटला. लाटा तोंडावर यायला लागल्या. सुकन्याचे पाय मागं नुसते ओढले जात होते. ती उताणी झाली, श्वास घेतला, पुन्हा पालथी झाली. एकदा दिसेनाशी झाली तेव्हा अमृत उठला, वाल्मिकतात्यानंही हात पुढं केला. रंगुबाईनं वाल्मिकतात्याचं मनगट धरलं. "थांब. ती मागंल तवा."

सुकन्यानं हात मागितला नाही. पल्याडच्या चिखलात ती कोपरांवर सरपटत आली आणि तशीच पडून राहिली. निकिता उडी टाकून तिच्याकडं गेली.

गावात बाया विचारायला आल्या तेव्हा रंगुबाई म्हणाली, "म्या डोळ्यानं बघितलं. कुनी हात लावला न्हाई." आणि बाया गेल्यावर, कुणी विचारलेलं नसताना, सुनेला म्हणाली की ती तक्रार माझी नव्हती. सुकन्यानं मान हलवली. खरं मानलं की नाही, तिलाच ठाऊक.

उन्हाळ्यात निकिताची तपासणी झाली. आजार तिच्यातही होता. ती म्हणाली, "मला कळलं होतं आई. तू रोज माझ्या पायांकडं बघायचीस." दोघी त्या दिवशी खूप वेळ बोलल्या. काय बोलल्या ते अमृतला सांगितलं नाही.

आता सुकन्या घरात चाकाच्या खुर्चीवर असते. स्कूटरचा ब्रेक दाबला जात नाही म्हणून अमृतनं जुनी जीप घेतली. गेल्या महिन्यात त्यानं तिला फोनवर कुणाला तरी विचारताना ऐकलं, की उतरताना ज्याला उभं राहता येत नाही त्याला पॅराग्लायडिंगच्या छत्रीखाली बसवून डोंगरावरून उडवता का. कुणाचा फोन होता विचारल्यावर मैत्रिणीचा म्हणाली. अमृतनं विश्वास ठेवला नाही. त्यानं जीपचं तेवढं सर्व्हिसिंग करून घेतलं.