पटावरचं वय

त्या पोराचं वय मी दोन वर्षांनी वाढवून लिहिलं. मुद्दाम, माझ्या सोयीसाठी.

वेल्ह्याच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीवर मी तेव्हा मास्तर होतो. शाळा भैरोबाच्या देवळात भरायची. पटावर वीस पोरं नसली तर शाळा बंद करू, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावलं होतं. माझ्याकडे एकोणीस होती. मी घरोघर हिंडलो आणि एका घरी हा सापडला. आईबाप पटकीच्या साथीत गेलेले. तो आणि तान्ही बहीण चुलत्याच्या पदरात. शाळेला सहा वर्षं पूर्ण लागत.

शेजारची म्हातारी म्हणाली, “आवं, पाच बी आत्ताशी भरली त्येला. सुईण म्याच हुते.”

चुलता म्हणाला, “लिवा की काय बी, गुर्जी.”

साहेबांना शंका नको, म्हणून मी सात लिहिलं.

सहा वर्षं तो माझ्यापुढे बसला. अंगाने किरकोळ, बोलायचा कमी. हिशोब करताना ओठ हलायचे. लावणीच्या दिवसांत चुलता त्याला खाचरात न्यायचा, मग तो महिनाभर दिसायचा नाही. एकदा त्याने बहिणीला सोबत आणलं आणि तिचा दंड मला दाखवला. दूध उतू गेलं म्हणून चुलतीने तापलेलं उलथनं लावलं होतं.

“गुर्जी, तुमी सांगा चुलत्याला. तुमचं ऐकंल त्यो.”

मी गेलो आणि सांगितलं. चुलत्याने हात जोडले, मला घोंगडी टाकून बसायला दिलं, गूळपाणी दिलं. दुसऱ्या दिवशी पोराची पाठ सुजलेली होती. त्यानंतर मी त्या घरी गेलो नाही. गेलो तर पोरांनाच मार बसेल, असं मी स्वतःला समजावलं.

भात झोडणीच्या दिवसांत एका दुपारी तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. केस ओले, सदरा ओला. मला वाटलं, ओढ्यात डुंबून आलाय. मी रागावलो.

तो म्हणाला, “गुर्जी, म्या मारलं दोगांला.”

“कुणाला?”

“चुलत्याला आन् चुलतीला. खळ्यावर निजली हुती. कोयत्यानं.” मग म्हणाला, “भनीला आज पुन्ना डाग दिला. गालाव.”

बाकीची पोरं पाढे म्हणायची थांबली. मी त्याला आत घेतलं, माझं उपरणं त्याच्या अंगावर टाकलं. तो थंडीने कुडकुडत होता. खळ्यावर मी जाऊन पाहिलं. ते लिहिण्याची ताकद अजून माझ्यात नाही.

खटला भोरला, संस्थानच्या कोर्टात चालला. बारा वर्षांच्या आतलं पोर असेल तर त्याला समज होती का, हे कोर्टाला बघावं लागतं. बारावं सरलेलं असेल तर मोठ्या माणसासारखाच न्याय. त्याच्या वकिलांनी मला सांगितलं, “मास्तर, सगळं तुमच्या पटावर आहे.” पटावर तेरा होतं. खरं तर त्याला अकरा भरली होती. सुईण म्हातारी दोन वर्षांमागे वारली होती. वाडीतलं दुसरं कुणीही यायला तयार झालं नाही. दोन मुडदे पाहिलेली माणसं ती, त्यांना दोष कसा देऊ?

मी साक्षीला उभा राहिलो आणि वय मीच वाढवलं, असं सांगितलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, “म्हणजे सरकारी दप्तरात तुम्ही खोटं लिहिलंत?”

“हो.”

“मग आज खरं बोलताय, हे आम्ही कशावरून धरायचं?”

मी म्हणालो, “त्याच्याकडे बघा तरी साहेब.” न्यायाधीशांनी पाहिलं. पिंजऱ्याच्या कठड्यावरून त्याचं फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते. तरीही निकालात पटावरचंच वय धरलं गेलं. फाशी दिली नाही, जन्मठेप दिली. निकाल वाचला तेव्हा त्याला कळलं नाही. शिपायाने दंडाला धरून उठवलं, तेव्हा तो मला म्हणाला, “गुर्जी, झालं का? जाऊ का घरी?”

माझी नोकरी गेली. त्याचं मला फारसं वाटलं नाही. भोरजवळ उत्रोलीला एकांच्या घरी मुलं शिकवून पोट भरत होतो.

बहिणीला वेल्ह्याजवळच्या मामाने नेलं होतं. तीनेक वर्षांनी मामा एक सरकारी कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या गावात वाचणारं कुणी नव्हतं. बरोबर ती पोरगी होती, गालावर वण, हातात भाकरीचं फडकं. पहाटेपासून चालून आली होती दोघं. मी कागद उभ्या उभ्या वाचला आणि खाली बसलो. तुरुंगात छातीच्या दुखण्याने तो गेला होता.

मामाला मी हळू आवाजात सांगितलं. त्याने डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. पोरगी दोघांच्या तोंडाकडे बघत होती.

“काय लिवलंय, मामा?”

“तुजा भाऊ गेला, बाय.”

माझ्याकडे वळून तिने विचारलं, “मंग आता तरी सोडतील का त्येला?”

मामाने तिचा हात धरला आणि “चल, येळ झाला,” म्हणत तिला घेऊन तो वाटेला लागला.