औषधे : निरंक

आमच्या घराण्यात आजवर एकच सुवर्णपदक आलं, आणि ते मी घालवलं.

पदक माझ्या धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं. नव्वदच्या दशकात आमच्या गावात वजन उचलणारी मुलगी म्हटली, की लोक तिला गव्हाची पोती उचलायला बोलवायचे! तरी ती राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचली. स्पर्धा धुळ्यालाच होती, आणि जिंकली तर थेट भारताच्या संघात. मी तेव्हा जळगावला सरकारी कचेरीत कारकून. खास रजा टाकून आलो, तर ही शिंकतेय! लगेच स्टँडसमोरून सर्दीच्या गोळ्या आणल्या.

"भाऊ, कोचले इचारी लेऊ का?"

"सर्दीचं काय विचारायचं? घे मुकाट्यानं!" (घरातला शिकलेला माणूस मीच ना!)

दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक. माय रडली, मी टोपी उडवली (टोपी शेजारच्याची होती). तेवढ्यात एक बाई आल्या आणि सुनंदाची सही घेऊन म्हणाल्या, "उत्तेजक चाचणी आहे. लघवीचा नमुना मिळेपर्यंत मी तुमच्याबरोबर राहणार." आणि खरंच राहिल्या! सुनंदा पदक घ्यायला गेली, बाई मागे. तोंड धुवायला गेली, बाई मागे.

नमुना काही येईना. अंगातलं सगळं पाणी घामात गेलेलं. मायनं पिशवीतून ताकाची बाटली काढली.

"बाहेरचं नको," बाई म्हणाल्या. "इथलं सीलबंद पाणीच."

"आमना घरनं ताक चालस नही?" माय भडकली. "गाव कोनतं तुमनं?"

"शिंदखेडा."

माय एकदम गार. सुनंदाचं लग्न शिंदखेड्यालाच ठरत आलं होतं!

चार बाटल्या पाण्यानंतर नमुना मिळाला. बाईंनी तो सुनंदाकडूनच दोन बाटल्यांत ओतून घेतला, सील लावलं, नंबर टाकले. पहिली तपासायची, त्यात काही सापडलं तरच दुसरी उघडायची. मग आला फॉर्म. घरातलं लिहिणं-वाचणं माझ्याकडेच, म्हणून लिहायला मी बसलो. एका रकान्यात होतं, 'गेल्या काही दिवसांत घेतलेली औषधे'.

सुनंदानं तोंड उघडलं, तोच मायनं मला कोपरखळी मारली. "मधु, बाई शिंदखेडानी शे! पोर दुखनाईत शे असं गावभर व्हई जाई!"

मी लिहिलं, 'निरंक'. काही नाही, याला आमच्या कचेरीत हाच शब्द. सवयीनं खाली दोन रेघाही मारल्या.

"नक्की? साधी सर्दीची गोळीसुद्धा सांगा," बाई म्हणाल्या.

"पोरगी जन्मात शिंकलेली नाही!" मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

सुनंदा शिंकली.

काही आठवड्यांनी पत्र आलं. त्या गोळीतलंच एक औषध बंदीच्या यादीत होतं. मग दुसरी बाटली उघडली. (एकाच मुलीचा एकाच वेळचा नमुना, तरी मला दुसऱ्या बाटलीकडून फार आशा होत्या!) तेच निघालं. चौकशीत साहेबांनी एवढंच विचारलं, "गोळी सर्दीसाठी घेतली होती, तर लिहिली का नाही?" सुनंदानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं. पदक गेलं. संघ तिच्याशिवाय गेला.

पेपरात बातमी आली. आम्ही माना खाली घालून शिंदखेड्याला गेलो. सगळं ऐकून होणारे सासरे हसले. "सर्दीच व्हती ना? आमना घर बठ्ठासले सर्दी शे!" (म्हणजे सगळ्यांनाच!)

लग्न झालं. सुनंदा पुन्हा वजन उचलायला लागली, पण भारताचा संघ काही पुन्हा तिच्या वाट्याला आला नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. फक्त लग्नाच्या नोंदणीला मी पेन काढलं तेव्हा म्हणाली, "राहू दे भाऊ. आते फॉर्म मी भरसू." मला भर मांडवात रडू आलं. लोकांना वाटलं, बहीण सासरी चालली म्हणून.

आता ती मुलींना शिकवते. तिच्या व्यायामशाळेत, पदक लावायचं त्या जागी, त्या फॉर्मची आमच्याकडे राहिलेली प्रत फ्रेम करून लावली आहे. नवी मुलगी आली, की आधी तिला तिथं उभी करते.

"हे कोणी लिहिलं, ताई?"

"मना भाऊनी. अक्षर मस्त शे ना?"

तीस वर्षं सरकारी नोकरी केली, हजारो कागद लिहिले. फ्रेममध्ये बसलेला हा एकच.