सहीवरची हळद

खेळाडूंचे फोटो छापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचा नाद मला अमेरिकेत, एडिसनला आल्यावर लागला. बायको म्हणते, जन्मात कधी बॅट धरली नाहीस आणि कसली कार्डं जमवतोस! तिचं बरोबर आहे. खेळातलं मला काही कळत नाही. मला मजा येते ती कार्ड किती जुनं आणि त्यावरची सही खरी की खोटी, हे शोधून काढण्यात. जांभळ्या दिव्याखाली अलीकडचा कागद पांढराशुभ्र चमकतो, जुना मख्ख राहतो. सही भिंगाखाली बघायची. स्वतःची सही माणूस झरकन ओढतो, दुसऱ्याची करताना हात अडखळतो. एवढंसं शास्त्र, पण त्यावर मी भलताच शहाणा झालो होतो.

म्हणून तर शेजारच्या गोऱ्या आजोबांनी सही असलेलं एक कार्ड माझ्या हातात दिलं. आजोबा आठ वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी ते आणलं होतं. स्टेडियमबाहेर खेळाडूने माझ्यासमोर सही केली, असं वडिलांनी सांगितलेलं. थोरला भाऊ मात्र हसायचा, म्हणायचा बाबांनी स्वतःच गिरवलीय. तो किडा आजोबांच्या डोक्यात आयुष्यभर वळवळत राहिला. शेवटी वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आजोबांनी तोंडावर विचारलं, सही तुम्हीच केलीत ना? वडील भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि दोन दिवसांनी गेले.

आता आजोबांचीच वेळ आली होती. शेवटच्या दिवसांत शुश्रूषा करणारी हॉस्पिसची नर्स रोज घरी यायची. आपण बापाला उगाच खोटं ठरवलं की काय, एवढंच त्यांना जाण्याआधी हवं होतं. अक्षर ताडून बघायला त्यांनी वडिलांचं एक जुनं पत्रही दिलं.

पहिल्या दिवशी कागद तपासला. जुना होता, अस्सल. सही तपासायचं मी दसऱ्यावर ठेवलं, कारण त्या दिवशी सुट्टी टाकली होती. सकाळी कार्ड प्लास्टिकमधून काढलं, टेबलावर ठेवलं, शेजारी दिवा आणि भिंग. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. सुट्टी कसली अन् काय! कार्ड तसंच उघडं टाकून मी खाली गेलो. असं कधी करायचं नाही हे मीच चार लोकांना सांगत फिरतो.

अर्ध्या तासाने वर आलो तर आईची पूजा झाली होती. सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई. तिने नातीची पुस्तकं मांडली, माझा लॅपटॉप मांडला आणि मुलगा ज्यावर डोळे फोडतो ते भिंग, तो दिवा, ते कार्डही मांडलं. सगळ्यांना ओल्या हळदीचं बोट, वर कुंकू, एकेक झेंडूचं फूल. कार्डावरचं बोट बरोब्बर सहीच्या सुरुवातीला टेकलं होतं. शाई फुटायला लागली होती.

मी टिश्यू ओढला आणि पुसलं. तिने केलं ते एवढंसं होतं, मी पुसलं आणि सगळं फासलं. पहिली चार अक्षरं गेली, आणि पत्राशी ताडायची होती ती नेमकी तीच. आईवर मी असा ओरडलो की लेकीने खोलीचं दार लावून घेतलं. आई एवढंच म्हणाली, "अरे, तुझ्या कामाचं आहे म्हणून हात जोडले." दिवसभर ती जेवली नाही. मीही नाही.

पुढचे तीन दिवस मी वेड्यासारखा त्या कार्डाला चिकटून होतो. टीपकागद लावला. वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढले. जांभळ्या दिव्याखाली हळद तेवढी पिवळीजर्द पेटायची. पाण्याने फुटली म्हणजे शाई बॉलपेनची नव्हती, इतकं कळलं. पण शाईचं पेन तर त्या काळी वडिलांच्याही खिशात असणारच. उरलेल्या अक्षरांत हात अडखळल्यासारखा वाटायचा, दुसऱ्यांदा बघितलं की नाही वाटायचा. आजोबांची नर्स त्यांच्या जिन्यावरून उतरताना, आता फार दिवस नाहीत, अशी मान हलवून गेली. सरळ खोटं सांगावं, खरी आहे म्हणावं, असंही मनात आलं. देवाशप्पथ, जिभेवर आलं होतं.

चौथ्या दिवशी कार्ड घेऊन आजोबांकडे गेलो. त्यांना बघितल्यावर खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. टेबलावर मी उघडं टाकलेलं कार्ड, हळद, टिश्यू. सही खरी की खोटी ते आता कुणालाही, कधीही सांगता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि तुझ्या आईने हे का केलं, असं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात त्या दिवशी आपल्या माणसाच्या मोलाच्या वस्तूंना नमस्कार करतात.

"आधी तपासलं होतं का तिने, खरं आहे की नाही ते?"

"नाही."

"मी तपासलं," ते म्हणाले. कार्ड तसंच छातीवर धरून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.